लाकडी मोझेक : घासल्यावर रंग जातो, पॉलिश करताना पसरतो

चौकट
लाकडाचे तुकडे जोडून केलेलं माझं चित्र ६०×४५ सेंमी, १२ मिमी प्लायवर. तुकडे ४ मिमी जाड. अक्रोड, शिसव आणि पडौक (लालसर लाकूड) मूळ रंगातच ठेवले आहेत. निळे आणि लाल तुकडे मात्र मेपलचे (फिकं, पांढरट लाकूड), स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या रंगात रात्रभर बुडवलेले. चिकटवल्यावर पातळी एकसारखी करायला १२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, तर निळ्याखालून पांढरं लाकूड निघालं. चपडा लाखेच्या पहिल्याच हाताला लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला. काय चुकलं?

सुतारपक्षी
रंग लाकडात शिरतो तो तंतूंच्या लांबीने, नळ्यांतून. फळीच्या सपाट बाजूने तो मिलिमीटरचा थोडासा अंशच आत जातो. रात्रभर बुडवा नाहीतर आठवडाभर, फार फरक पडत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, आडव्या छेदाचे तुकडे घ्या, म्हणजे तंतूंची टोकं वर येतील अशा ४ मिमी चकत्या. यांत रंग आरपार जातो आणि कितीही घासलं तरी टिकतो. पण छटा बरीच गडद येते, म्हणून द्रावण निम्म्याने पातळ करून आधी एका चकतीवर बघा. अशी चकती दमटपणात लांबी-रुंदी दोन्हीकडे फुगते, त्यामुळे तुकडे २ सेंमीपेक्षा मोठे नकोत आणि सांधे ठासून भरू नका.

दुसरा उपाय म्हणजे घासायची वेळच येऊ न देणं. तुकडे पाण्याने ओलसर करा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू २४० ने काढा, मग रंगवा. पूर्ण वाळल्यावर पारदर्शक चिकट कागदावर तोंड खाली करून मांडा आणि मागच्या बाजूने प्लायला चिकटवा. जाडीतला फरक मागे डिंकात जातो, दर्शनी बाजू सपाट राहते. मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

लाखदाणा
पसरण्याचं कारण साधं आहे: रंगही स्पिरिटचा, पॉलिशही स्पिरिटचं. ब्रश फिरला की वाळलेला रंग पुन्हा विरघळतो. लाखेचं पॉलिश करायचं असेल तर पाण्यात विरघळणारा रंग वापरा. पाण्यावर आधारित वार्निश असेल तर उलट.

पडौककडेही लक्ष द्या. त्याचा नैसर्गिक लाल रंगही स्पिरिटमध्ये सुटतो, आणि त्याची भुकटी घासताना शेजारच्या फिक्या लाकडाच्या छिद्रांत बसते. ती हाताने पुसू नका, व्हॅक्यूमने ओढा. पहिले दोन हात फवाऱ्याने, अगदी हलके द्या.

चौकट
काळ्यासाठी रंग टाळता येईल का? आणि ऊन लागलं तर?

सुतारपक्षी
काळ्यासाठी हिराकस (लोहाचा क्षार). मेपलमध्ये टॅनिन (लोहाशी मिळून काळा रंग देणारं तुरट द्रव्य) कमी, त्यामुळे नुसत्या हिराकसाने राखाडी छटा येते (तीही सुंदर दिसते). काळा हवा असेल तर आधी हिरड्याचा काढा लावा, वाळू द्या, मग हिराकसाचं पाणी. हा काळा पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये सुटत नाही. लोखंडी डबा मात्र वापरू नका.

उन्हात पडौक तपकिरी होतो, अक्रोड फिका पडतो. रंगवलेल्या लाकडात धातूयुक्त रंग साध्या ॲनिलीन (कृत्रिम) रंगांपेक्षा जास्त टिकतात. प्रत्येक छटेची एक पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर ती छटा मोठ्या भागात वापरू नका.