राजकारण कथा घडवते की कथेला गिळते?

शाहूपुरीकर:
राजकारणाचा वारा लागला की साहित्य बिघडते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही, कारण राजकारण कथेला केवळ विषय पुरवत नाही, तर ती कशी सांगायची हेही ठरवते. नाटककार कृ. प्र. खाडिलकरांचे १९०७ चे ‘कीचकवध’ हे नाटक पाहा. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारविरोधी नाटक बंद पाडण्याचा अधिकार इंग्रजांकडे होता, त्यामुळे उघड बोलणे धोक्याचे होते आणि महाभारतातली कथा हीच ढाल ठरली. प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला, द्रौपदीत पारतंत्र्यातला देश पाहिला आणि धर्म-भीमाच्या वादात मवाळ-जहालांचे भांडण ऐकले. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. सत्यशोधकी जलशांचेही, म्हणजे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीच्या गाण्या-नाट्यातून होणाऱ्या प्रबोधनाच्या कार्यक्रमांचेही तेच. शाहू महाराजांच्या पाठबळाने ही चळवळ आपल्या कोल्हापुरात रुजली. जलसाकारांनी तमाशाचा गण-गवळण-वगाचा साचा उचलला आणि त्यातून सावकारी, भिक्षुकशाही व शिक्षणाचे प्रश्न मांडले.

मिरजकर तिकटी:
दाखले खरे आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. कर्झन विस्मरणात गेल्यावर ‘कीचकवध’ची धार किती उरली? त्याच खाडिलकरांचे १९११ चे ‘मानापमान’ अजून रंगते, ते पदांच्या आणि धैर्यधर-भामिनी या नायक-नायिकेच्या बळावर. तत्कालीन राजकारणावर उभी राहिलेली कलाकृती त्या राजकारणाबरोबरच जुनी होते, हे आपण का टाळता? शिवाय आज पुरस्कार आणि अनुदाने सत्तेच्या हाती असताना राजकारणाला साहित्याचे शिल्पकार म्हणणे मला धोक्याचे वाटते.

शाहूपुरीकर:
सत्तेची मर्जी आणि राजकीय भान या दोन गोष्टी आपण एकत्र करत आहात. पहिलीला माझाही विरोधच आहे. पण ‘मानापमान’ तरी राजकारणापासून अलिप्त कुठे आहे? श्रीमंत, भेकड लक्ष्मीधराला डावलून निर्धन सेनापती धैर्यधराला मान देणारी ती कथा आहे, आणि टिळकांच्या ‘केसरी’च्या मुशीत घडलेल्या लेखकाने ती पारतंत्र्यात लिहिली आहे. १९२१ मध्ये आपले केशवराव भोसले आणि बालगंधर्व या गायक-नटांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केले, तेही स्वराज्याच्या चळवळीसाठी उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडासाठी.

मिरजकर तिकटी:
फंडासाठी प्रयोग झाला म्हणून संहितेतला एक शब्दही राजकीय ठरत नाही. लक्ष्मीधराबद्दलचे आपले म्हणणे मात्र विचार करण्याजोगे आहे. त्यासाठी नाटक पुन्हा वाचेन. तरीही भामिनीचे मन बदलते तो प्रवेश केवळ प्रेमकथा म्हणून उभा राहतो की नाही, हे आपणही एकदा तपासून पाहावे.