टायमिंग चेनची खडखड: टेन्शनर बदलायचा की पूर्ण चेन किट?

टॉपगिअर_नको विचारतात:

गाडी १५० सीसी, एक सिलिंडर, एअर कूल्ड, कार्ब्युरेटरवाली. रनिंग ६२,००० किमी. आयडलला डाव्या बाजूने खडखड येते. थ्रॉटल जरासा दिला की आवाज जातो, सोडला की क्षणभर जास्तच येतो. टॅपेट (वाल्व्हची फट) गेल्याच महिन्यात गेज लावून सेट केलेत. ऑइल १०डब्ल्यू-३०, पातळी बरोबर. टेन्शनर (क्रँकवरून वाल्व्हचा कॅम फिरवणारी टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) सिलिंडरच्या मागे, कार्ब्युरेटरखाली आहे: दोन बोल्ट आणि मध्ये एक छोटा स्क्रू. एक मेकॅनिक म्हणतो स्प्रिंगखाली वॉशर टाकू, दुसरा म्हणतो चेन किटच बदला. टेन्शनर घरी काढता येईल का? आणि नक्की दोष कशात आहे हे आधी कसं ओळखायचं?

फीलरगेज यांचं उत्तर:

वॉशरचा सल्ला तुमच्या टेन्शनरला लागूच होत नाही. मध्ये छोटा स्क्रू म्हणजे आत घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग आहे. ती आतला स्क्रू फिरवते आणि त्याने दांडा पुढे सरकतो. त्या स्प्रिंगखाली वॉशर ठेवायला जागाच नसते.

आधी आवाज चेनचाच आहे का ते पक्कं करा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर तो क्लचच्या बाजूचा. टॅपेटची टकटक एका लयीत असते आणि आरपीएमबरोबर वाढत जाते. चेनची खडखड बेताल असते, आयडलला आणि थ्रॉटल सोडताना जास्त. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या ज्या बाजूने चेन वर जाते तिथे टेकवा आणि मुठीला कान लावा, लगेच कळेल.

मग गरम इंजिन आयडलला ठेवून मधला छोटा स्क्रू काढा. आत बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून घड्याळाच्या उलट दिशेने अगदी हलका, बोटांचा जोर द्या. आवाज थांबला तर चेनमध्ये अजून जीव आहे, स्प्रिंग थकलीय किंवा दांडा अडकतोय. चालू इंजिनवर घड्याळाच्या दिशेने चुकूनही फिरवू नका, दांडा मागे येऊन चेन दात सोडेल.

काढायची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं काढा आणि क्रँकच्या नटला सॉकेट लावून डावीकडून पाहताना घड्याळाच्या उलट, म्हणजे चाक पुढे जातं त्याच दिशेने फिरवा. टी खूण (पिस्टन सर्वात वर असल्याची) खाचेसमोर आली की टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही रॉकर (वाल्व्ह दाबणारे हात) हलवून बघा. दोन्ही किंचित ढिले असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनला वर आहे. एखादा घट्ट लागला तर अजून एक पूर्ण फेरा द्या. हा टप्पा गाळायचा नाही. वाल्व्हची स्प्रिंग कॅमवर दाब देत असेल, तर टेन्शनर निघताच कॅम स्वतःहून फिरतो आणि चेन एक दात पुढेमागे होते.

आता मधल्या स्क्रूच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि अर्धे फेरे मोजत चला. दांडा पूर्ण आत गेला की ड्रायव्हर तसाच धरून दोन बोल्ट सोडवा. टेन्शनर हातात आल्यावर ड्रायव्हर हळूहळू ढिला करत दांडा पूर्ण बाहेर येऊ द्या, पुन्हा आत घ्या, आणि हेही फेरे मोजा. समजा हातात १६ अर्धे फेरे भरले आणि गाडीवर १४ किंवा १५ निघाले होते, तर टेन्शनरची धाव संपत आली आहे. म्हणजे चेन लांबलीय किंवा गाइड (चेनला पुढून-मागून टेकणाऱ्या पट्ट्या) झिजलेत. तिथे नवीन टेन्शनरही थोडेच दिवस गप्प बसेल. गाडीवर ८-१० निघाले आणि तरी खडखड होती, तर दोष टेन्शनरचाच.

टेन्शनरची चाचणी सोपी: दांडा बाहेर असताना अंगठ्याने जोरात दाबा, आत जाता कामा नये. आत घेऊन सोडल्यावर तो एका दमात बाहेर आला पाहिजे. मध्येच अडखळला तर नवीन घ्या. उघडून साफसफाई करून ठेवायची ही वस्तू नाही.

टॉपगिअर_नको:

मोजले. गाडीवर ९, हातात १७. दांडा मध्ये एका जागी अडकतो. नवीन बसवताना काय सांभाळू?

फीलरगेज:

मग टेन्शनरच. बॉडीचं गॅस्केट आणि छोट्या स्क्रूची ओ-रिंग नवीन घ्या, जुन्यांवर ऑइल झिरपतं. दांडा पूर्ण आत धरूनच बसवा. बाहेर आलेल्या दांड्यासकट बोल्ट ओढत बसवलात तर सगळा जोर चेनवर येतो आणि मागची पट्टी वाकते किंवा तुटते. सहा एमएमचे बोल्ट, १० ते १२ न्यूटन मीटर पुरे. बोल्ट ज्यात बसतात ते आटे ॲल्युमिनियमचे आहेत. बोल्ट बसले की ड्रायव्हर सोडा, दांडा पट्टीला टेकल्याचं जाणवतं. नंतर हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि टी खूण जुळल्यावर कॅम स्प्रॉकेटची (कॅमवरच्या दातेरी चाकाची) खूणही तपासा. मगच स्टार्टर. टेन्शनर बाहेर असताना क्रँकला हात लावायचा नाही आणि क्रँक उलटा तर कधीच नाही. चेनची ताणलेली बाजू पुढे असते. उलट फिरवलं की मागची बाजू ताणली जाते आणि तिचा धक्का थेट टेन्शनरवर येतो. चढावर गाडी गिअरमध्ये असताना मागे सरकली तरी हेच होतं.

रॉकरआर्म यांची भर:

हे वाचून दुसऱ्या गाडीचा टेन्शनर काढणाऱ्यांसाठी: दात असलेल्या, रॅचेटच्या टेन्शनरचा क्रम वेगळा. तिथे आधी मागचा मोठा बोल्ट आणि स्प्रिंग काढायची, मग बॉडी. बसवताना खटका दाबून दांडा आत, मग बॉडी, शेवटी स्प्रिंग आणि बोल्ट. वॉशरची युक्ती याच प्रकारावर करतात. आवाज त्या दिवशी जातो, पण चेन सतत ताणून गाइडचं रबर खरवडलं जातं आणि त्याचे काळे कण ऑइलच्या जाळीत साठतात. स्प्लेंडरच्या जातीच्या आडव्या इंजिनांत तर खालून वर दाबणारा दांडा आणि स्प्रिंग असते. तिथे दांड्याच्या रबरी टोकाची झीज बघायची.

चेन किटची वेळ आलीच तर मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) पुलरनेच काढा, हातोड्याने नाही. पुढचं गाइड बहुतेक इंजिनांत हेड उचलल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे मजुरीचा अंदाज घेताना ते विचारून घ्या. आणि कॅम स्प्रॉकेट काढण्याआधी चेनला तार बांधून ठेवा.