अनुभव धागा: लाडक्या विज्ञानमालिकेचा शेवट तुम्ही कसा पचवला?

परवा 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' चौथ्यांदा बघून संपवली आणि २००९पासूनचा राग पुन्हा वर आला. स्टारबक ही लढाऊ वैमानिक माळरानावर उभी असते, तिचा सहकारी ली बोलता बोलता वळून बघतो तर ती नाहीच. कोण होती, कुठे गेली, काही सांगत नाहीत. इतकी वर्षं जीव लावलेल्या पात्राला असं सोडून द्यायचं?

पण शेवट गंडला म्हणून आधीचं सगळं वाया गेलं, असं मी कधीच म्हणणार नाही. '३३' हा भाग आठवा. दर ३३ मिनिटांनी सायलॉन, म्हणजे माणसांवर उलटलेले यंत्रमानव, हल्ला करायला येतात, उरलेल्या माणसांच्या यानांच्या ताफ्यात पाच दिवस कुणाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. राष्ट्राध्यक्ष रॉझलिनच्या खोलीत पांढरा फळा, त्यावर जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा. भागभर तो घटत जातो. शेवटी एक बाळ जन्मल्याची बातमी येते आणि ती स्वतःच्या हाताने आकडा एकने वाढवते. मी तेव्हा रात्रपाळी करायचे. सकाळी घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि हा भाग लावला. आधण आटून भांडं करपलं, तरी मी जागची हलले नव्हते.

तुमचंही लिहा. ज्यांनी या मालिका पाहिल्या नसतील त्यांनी जपून वाचा, इथे शेवट उघड होणार.

*

मला हे पटत नाही. शेवट ठाऊक असलेला माणूस गोष्ट वेगळी सांगतो. 'बॅबिलॉन ५' घ्या. ही मालिका रचणाऱ्या स्ट्राझिन्स्कीने पाच वर्षांची कथा आधीच आखली होती आणि ११०पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. चौथ्या वर्षी मालिका बंद पडेल अशी भीती होती, म्हणून शेवटचा भाग तेव्हाच चित्रित करून टाकला. मग पाचवं वर्ष मिळालं आणि तो राखून ठेवला. १९९८मध्ये दाखवला.

त्यात मालिका जिथे घडते ते अंतराळस्थानक मोडीत काढायचं असतं. सगळे निघून जातात आणि एक तंत्रज्ञ दिवे मालवतो. तो तंत्रज्ञ म्हणजे खुद्द स्ट्राझिन्स्की. आमचं सांगलीचं घर रिकामं केलं त्या दिवशी मेन स्विच बाबांनी बंद केला होता. आम्हा भावंडांपैकी कुणाला हात लावू दिला नाही. हा भाग मी त्यानंतर एकदाच पाहिला.

*

'फायरफ्लाय'. १४ भाग, त्यातही पहिला भाग वाहिनीने सगळ्यात शेवटी दाखवला. २००५च्या चित्रपटात यानाचा वैमानिक वॉश गेला, ते मी अजून मान्य केलेलं नाही. बास.

*

माझी 'द एक्स्पान्स'. २०१८मध्ये वाहिनीने तिसऱ्या सीझननंतर हात वर केले, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या स्टुडिओवर विमानाने फलक फिरवला. पुढचे तीन सीझन ॲमेझॉनने केले. नऊ कादंबऱ्यांपैकी सहांपर्यंतच गोष्ट आली, लॅकोनिया या दूरच्या ग्रहाचा धागा तसाच लोंबकळत राहिला. हे दुखतंच.

तरी शेवट मला पुरतो, आणि त्याचं कारण लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणाऱ्या बेल्टर लोकांची बोली. मी मालवणची. पाचवीत मुंबईच्या शाळेत आले तेव्हा 'खंय', 'कित्या' म्हटलं की वर्ग हसायचा. महिनाभरात मी घराबाहेर मालवणी बोलणं सोडलं. या मालिकेत पृथ्वीवाले आणि मंगळवाले बेल्टरांना खालचं समजतात, पण ती माणसं आपली बोली सोडत नाहीत. स्पेससूटमध्ये मान हलवलेली दिसत नाही म्हणून होकार-नकारसुद्धा हाताने देतात, आणि ती सवय सूट उतरल्यावरही जात नाही. शेवटच्या भागात वाहतूक संघाचं अध्यक्षपद नायक होल्डनला देतात, कारण तो पृथ्वीचा, सगळ्यांना चालणारा. तो ते स्वीकारतो आणि तिथल्या तिथे राजीनामा देऊन ड्रमरकडे सोपवतो. ड्रमर बेल्टर आहे.

तो प्रसंग मी आईला दाखवला. तिला आधीचं काहीच ठाऊक नव्हतं. मी मालवणीत सगळं समजावून सांगितलं.

*

धागाकर्ती: सांगलीचं वाचून थांबले. 'बॅबिलॉन ५' पाहिलेली नाही, आज रात्री पहिला भाग लावते. आणि एक राहिलं. गॅलॅक्टिकाच्या त्याच शेवटात ताफ्याचा सेनानी अडामा रॉझलिनच्या थडग्याशी बसून घर कुठे बांधणार ते तिला सांगत असतो. तो प्रसंग मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा बघते.