दाढ काढली, तरी जबड्यातला ठणका तसाच

मी सोलापूरची, वय ४१. दिवाळीनंतर उजवीकडच्या खालच्या दाढा दुखायला लागल्या. सकाळी उठल्या उठल्या जबडा जड, कानाखाली ओढ लागते. कडक भाकरीचा तुकडा चावला की कानशिलापर्यंत कळ जाते. दाखवलं, तर शेवटून दुसरी दाढ किडलीय म्हणाले आणि एक्स-रे न काढताच ती काढून टाकली. जखम भरली, पण तीन आठवडे झाले, ठणका तसाच आहे. भाकरी आमटीत कुस्करून खाते. आता शेजारचीही काढू म्हणतात. काय करू? एक चांगली दाढ उगाच गेली की काय, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर १
ताई, दुसरी दाढ काढू देऊ नका. माझं अगदी हेच झालं होतं. मी बँकेत आहे, मार्चअखेरीला जबडा असा धरायचा की जांभई देता येत नसे. झोपेत दात खाते हे मला माहीतच नव्हतं, यांनी कर्रकर्र आवाज ऐकला. एक करून बघा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याजवळ दोन बोटं ठेवा आणि दात दाबा. जो स्नायू टणक होतो, तो चोळून पाहा. तीच कळ उठली तर दुखणं बहुधा त्या स्नायूचं. मला रात्री घालायला नाईट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं आवरण दिलं, आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायची सवय लावायला सांगितली. दीड महिन्यात फरक पडला.

उत्तर २
मी दंतवैद्य आहे. न तपासता निदान करणार नाही, पण सकाळी जास्त दुखतं म्हणजे दात खाण्याचा संशय रास्त आहे. किडीने नस दुखावली असेल तर गार-गरम लागून सणक जाते आणि रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. चावून दाब सोडताना कळ आली तर दाढेला तडा असू शकतो, तो एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. वरच्या दाढा दुखल्या असत्या तर सर्दी झालीय का विचारलं असतं, कारण त्यांची मुळं सायनसच्या पोकळीला लागून असतात. अर्धवट अडकलेली अक्कलदाढही पाहायला हवी. म्हणून ओपीजी, म्हणजे जबड्यांचा मोठा एक्स-रे, काढून घ्या, एकाच फोटोत दोन्ही जबडे येतात. आणि लवंगेचं तेल हिरडीवर चोळू नका, हिरडी भाजते.

उत्तर ३
ताईंचं दुखणं वेगळं दिसतंय, पण इतरांसाठी लिहितो. माझ्या वडिलांचा डावा जबडा जिना चढताना दुखायचा आणि बसले की थांबायचा. आम्ही आठ दिवस त्यांना दाढेत लवंग धरायला लावली. दुखणं हृदयाचं निघालं. जबड्याबरोबर घाम, दम किंवा छातीत दडपण असेल तर दाताचा दवाखाना शोधू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती
बोटं ठेवून पाहिलं. हीच ती कळ! डावीकडेही थोडी आहे, आणि जिभेच्या कडेला दातांचे वळ दिसतात. उद्या दुसरीकडे जाऊन ओपीजी काढते. डॉक्टर, गेलेल्या दाढेच्या जागी लगेच दात बसवू का?

उत्तर २
आधी ठणका थांबू दे. फोटो पाहून मग ठरवू, पण जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवू नका, शेजारची दाढ त्या बाजूला कलते.