बी.कॉम. पाचव्या सेमिस्टरला अडकलंय, कमी पैशांत पूर्ण कसं करावं? (नागपूर)

अर्धवट_बीकॉम
नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, प्रवेश २०१९-२० चा. पहिली चार सेमिस्टर पास, पाचव्यात दोन पेपर बॅक, सहाव्याचा परीक्षा फॉर्मच भरलेला नाही. नोकरी सकाळी १० ते रात्री ८, सुट्टी फक्त रविवारची. सगळं धरून १५ हजारांच्या वर जायचं नाही. कॉलेजच्या खिडकीवर सांगतात, टीसी घ्या आणि मुक्त विद्यापीठात जा. बर्डीतला एक क्लासवाला ३५ हजारांत 'सिंगल सिटिंग' (सगळी पदवी एकाच बैठकीत) करून देतो म्हणतो. पुन्हा पहिल्या वर्षापासून न बसता काही होईल का?

हिवाळी_उन्हाळी
भाऊ, टीसी काढू नका. निदान आत्ता तरी नाही. टीसी आणि मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) एकदा हातात घेतलं की जुन्या विद्यापीठातलं तुमचं खातं बंद झाल्यासारखं होतं. मग तिथेच राहिलेले पेपर द्यायचे ठरवलं तरी नव्याने पात्रतेचे कागद गोळा करत बसावं लागतं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त रस्ता तोच आहे, जुन्याच ठिकाणी पेपर काढायचे.

आधी एक गोष्ट सांगा. सहाव्याला प्रवेश घेऊन फी भरली होती आणि नुसता परीक्षा फॉर्म राहिला, की प्रवेशच घेतला नव्हता? दोन्हीत मोठा फरक आहे. टर्म ग्रँट झालेली असेल (म्हणजे ते सत्र कॉलेजने पूर्ण धरलं असेल) तर तुम्ही माजी विद्यार्थी म्हणून फक्त परीक्षा फॉर्म भरता, खर्च परीक्षा फीपुरता. टर्म नसेल तर सहाव्याचा नियमित प्रवेश, हजेरी, इंटर्नलचे गुण, सगळं आलं.

दुसरी अडचण मुदतीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदवीचा काळ अधिक २ वर्षं, आणि अपवाद म्हणून आणखी १. तुमचे ३ अधिक २ म्हणजे २०२४, अपवाद धरून २०२५. पण विद्यापीठं अधूनमधून माजी विद्यार्थ्यांना विशेष संधी देतात, त्यामुळे नुसतं वर्ष मोजून आशा सोडू नका. खिडकीवरचं तोंडी 'नाही' तर मुळीच धरू नका.

अर्धवट_बीकॉम
सहाव्याची फी भरली होती, पावती आहे. नोकरी लागली म्हणून फॉर्म राहिला.

हिवाळी_उन्हाळी
मग ती पावती लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा. आता अर्ज: प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाला, एका पानाचा. वर एनरोलमेंट नंबर (गुणपत्रिकेवर असतो), प्रवेशाचं वर्ष, कोणत्या सेमिस्टरचे कोणते पेपर बाकी, आणि दोनच प्रश्न: मला परीक्षेला बसता येईल का, आणि माझ्या जुन्या पेपरऐवजी अ‍ॅब्जॉर्प्शनमध्ये (जुना पेपर बंद झाला की त्याच्या बदल्यात नव्या अभ्यासक्रमातला धरतात) कोणता पेपर द्यायचा. सोबत सगळ्या गुणपत्रिका. उन्हाळी २०२० ची आहे का ते बघा. त्या वर्षी खालच्या वर्गांची परीक्षा न घेता निकाल लावले होते, आणि ती गुणपत्रिका उचलायची अनेकांची राहून गेली.

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात तेच दोन प्रश्न विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

घाई यासाठी, की आपल्याकडे संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागलं. म्हणजे २०२३-२४ ला आलेली तुकडी जुन्या पद्धतीची शेवटची, आणि ती २०२५-२६ ला तिसऱ्या वर्षाला. त्यानंतर जुने पेपर निघतात ते फक्त मागे राहिलेल्यांसाठी, तेही मोजक्या हिवाळी-उन्हाळी परीक्षांपुरते.

मुक्तांगण_४४
वरचं बरोबर, पण उत्तराची वाट बघत वर्ष घालवू नका. इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बी.कॉम.ला प्रवेश बारावीच्या गुणपत्रिकेवर होतो, टीसी किंवा मायग्रेशन लागत नाही. त्यामुळे तिकडे नाव घातलं तरी जुनं दार उघडं राहतं. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगीही दिली आहे.

प्रवेश जानेवारी आणि जुलै, परीक्षा जून आणि डिसेंबर, विभागीय केंद्र नागपुरातच. किमान ३ वर्षं, कमाल ६. लोक फसतात ते खर्चाच्या हिशोबात. जाहिरातीतली फी एका वर्षाची असते. पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन वेगळं, आणि प्रत्येक पेपरची परीक्षा फी वेगळी. छापील पुस्तकं नको म्हटलं तर फीत सवलत मिळते, आणि तीच पुस्तकं ई-ज्ञानकोश या इग्नूच्याच साइटवर फुकट आहेत. असाइनमेंट ३० टक्के, पेपर ७० टक्के. असाइनमेंट हाताने लिहून मुदतीत दिल्या नाहीत तर पेपर पास होऊनही निकाल अपुरा दिसतो. इग्नूतलं निम्मं रडगाणं हेच.

जुने विषय वजा करून मिळावेत (क्रेडिट ट्रान्सफर) तर आधी प्रवेश, मग वेगळा अर्ज. सोबत गुणपत्रिका आणि जुन्या विद्यापीठाचा प्रमाणित अभ्यासक्रम. विषय जुळले तरच सूट, त्यामुळे दोन वर्षं वाचतील असं धरून चालू नका.

मराठीतून पेपर लिहायचे असतील तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्यांचंही विभागीय केंद्र नागपुरात आहे. अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचं नको, रविवारी उघडं असणारं बघा.

अर्धवट_बीकॉम
एबीसी (क्रेडिट जमा ठेवणारी सरकारी ऑनलाइन बँक) आयडी काढला तर जुने क्रेडिट आपोआप येतील का?

मुक्तांगण_४४
नाही. क्रेडिट बँकेत २०२१-२२ पासूनचे क्रेडिट धरतात. तुमची चार सेमिस्टर त्याआधीची, म्हणजे त्यांच्यासाठी कागदी गुणपत्रिकाच. पण आयडी काढाच, डिजिलॉकरवर फुकट निघतो, १२ अंकी. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला तो आणि वर डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा क्रमांक), दोन्ही मागतात. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं 'रा.' आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं पूर्ण नाव असलं की इथेच गाडी अडते. आधी आधार दुरुस्त करा, मग फॉर्म.

शिक्का_बघा
सिंगल सिटिंगबद्दल कोणीच बोललं नाही. तीन वर्षांची पदवी एका बैठकीत देणारी कुठलीही मान्य व्यवस्था नाही. होतं काय, तर मागच्या तारखेचा प्रवेश दाखवतात. पुढे सरकारी नोकरीत कागद पडताळणीला गेले की विद्यापीठाच्या नोंदीत तुम्ही सापडत नाही. तोवर क्लासचा बोर्ड बदललेला असतो.

कोणी विद्यापीठाचं नाव सांगितलं तर दोन ठिकाणी बघा: यूजीसीच्या डीईबी साइटवर ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम त्या वर्षासाठी मान्य आहे का, आणि यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत नाव आहे का. त्या यादीत आपल्या नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे, राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. आणि पैसे भरायचे ते विद्यापीठाच्या पोर्टलवर, कोणाच्या यूपीआयवर नाही.

अर्धवट_बीकॉम
सोमवारी अर्धी सुट्टी टाकून अर्ज देतो. शिक्का मिळाला की इथे कळवतो.

हिवाळी_उन्हाळी
दुपारी जेवणाच्या वेळेत जाऊ नका. आणि अर्जावर मोबाइल नंबर लिहायला विसरू नका, त्रुटी असली तर फोन करायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.