मदत हवी आहे: परगावच्या वयस्कर पाहुण्यांचा आवाज नीट रेकॉर्ड कसा करावा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या जुन्या गिरणी कामगारांच्या आणि विणकरांच्या आठवणींचा पॉडकास्ट मी घरूनच करतो. गावातले आजी-आजोबा समोर माईकवर बोलतात, तिथे अडचण नाही. पण सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच मंडळी मुलांकडे भिवंडीला, सुरतेला राहायला गेली आहेत. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवरच बोलावं लागतं आणि ते रेकॉर्डिंग ऐकवत नाही. नेट जरा हललं की वाक्याचा शेवट गायब. शिवाय कॉलचं ॲप मागचा गोंगाट कापायला जातं आणि त्यात म्हातारपणचा हळू आवाजही कापला जातो. एका आजोबांनी टेबलावर बोटं वाजवून मागाचा ठेका धरून दाखवला. मला समोर दिसत होतं, रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं काहीच आलं नाही. याचं फार वाईट वाटलं, कारण हा ठेका पुन्हा कोण ऐकवणार?

दोन्हीकडे आपापल्या जागी रेकॉर्ड करून नंतर जुळवायचं, हे वाचलंय. पण पाहुण्याच्या अँड्रॉइडवर कॉल चालू असताना रेकॉर्डर लावला तर फाइल कोरी येते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला झेपेल असा मार्ग कुणाला माहीत आहे का? इकडे माझ्या खोलीत शहाबादी फरशी आहे, आवाज घुमतो म्हणून भिंतीला चादर लावली आहे. फरक पडला, पण थोडाच.

प्रतिसाद

कॉल चालू असला की माईक कॉलच्या ताब्यात जातो, म्हणून फाइल कोरी. घरातल्या मुलाचा किंवा सुनेचा दुसरा फोन घ्या. तो एअरप्लेन मोडवर टाकून, टॉवेलच्या घडीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायला सांगा. ठेकाही त्यात येईल. पंखा बंद. कॉल ऐकायला वायरचे इअरफोन द्या, म्हणजे तुमचा आवाज त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरणार नाही. ब्लूटूथचा माईक मात्र वापरू नका, त्यावर आवाज टेलिफोनसारखा बारीक होतो.

रेकॉर्डरमध्ये वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार) असेल तर तेच निवडा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (एकच चॅनेल) अशी सेटिंग धरली तर तासाला साधारण ३४५ एमबी होतात, तेव्हा फोनमध्ये जागा आहे का ते आधी बघा. सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी वाजवायला सांगा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, लांब गप्पांत आवाज मागेपुढे सरकतो. दुसऱ्या टाळीवरून तो किती सरकला ते कळतं. फाइल व्हॉट्सॲपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

चादर भिंतीला चिकटवू नका. दुहेरी करून भिंतीपासून वीतभर सोडून दोरीवर टांगा. आणि कॉलचं रेकॉर्डिंगही चालूच ठेवा, दुसरा फोन मध्येच बंद पडला तर निदान तेवढं हाती राहील.