अल्बानियाने ते करून पाहिलं आहे

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर जुने न्यायाधीश सरसकट घरी बसवले असते तर कायद्याचं राज्य लवकर आलं असतं, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. अल्बानियात उशिरा का होईना, जवळपास तेच झालं. जुलै 2016मध्ये संसदेच्या 140च्या 140 सदस्यांनी घटनादुरुस्तीला मत दिलं आणि सुमारे 800 न्यायाधीश व सरकारी वकिलांची झाडाझडती सुरू झाली: मालमत्ता कुठून आली, गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध आहेत का, कामाची कुवत किती. अनेकांना मालमत्तेचा हिशेबच देता आला नाही. काहींनी चौकशीआधीच राजीनामे दिले.

पण रिकाम्या खुर्च्यांवर बसवायला माणसं कुठून आणायची? तिथे न्यायाधीशाचं प्रशिक्षणच तीन वर्षांचं. नऊ जणांच्या घटनात्मक न्यायालयात एका टप्प्यावर एकच न्यायाधीश उरला. जून 2019मध्ये राष्ट्राध्यक्षांनी स्थानिक निवडणुका रद्द केल्या, सरकारने त्या तरीही घेतल्या, आणि नेमक्या त्या वेळी घटनेचा अर्थ सांगणारं हे न्यायालय गणपूर्तीअभावी बंद होतं! झाडाझडती हवीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नव्या न्यायाधीशांची फळी मात्र आधी उभी करायला हवी होती. त्या काळात तुंबलेल्या खटल्यांत सामान्य पक्षकार वर्षानुवर्षं ताटकळले.